'अचूक किंमत' की 'नेमकी किंमत'?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)
दहावीसाठी त्रिकोणमितीची सरावपत्रिका मराठीत करते आहे. ३०, ४५, ६० अंशांच्या साइन, कोसाइन, टॅनच्या किमती दशांशात न आणता वर्गमूळ तसंच ठेवून लिहा, असं मुलांना सांगायचंय. 'अचूक किंमत काढा' म्हटलं की निम्मी मुलं साइन ६० पुढे ०.८६६ लिहून मोकळी होतात. तीन घरांपर्यंत ते बरोबरच असतं, मग गुण कापायचे कशाचे? नेमकी, तंतोतंत, काटेकोर, यथार्थ यांतला कोणता शब्द घेऊ?

उत्तर (पंचवटी, निवृत्त गणित शिक्षक)
ताई, 'नेमकी' घ्या.

०.८६६ मध्ये चूक नाही, म्हणून ते अचूक. किती घरांपर्यंत बघायचं हे ठरलं की अचूकपणाही ठरतो. चार घरं मागितली तर ०.८६६० द्यावं लागेल, सहा मागितली तर ०.८६६०२५. 'नेमकं' असं कमीजास्त होत नाही. 'नेमका तोच माणूस भेटला', 'नेमकी तेव्हाच बस सुटली' या वाक्यांत 'अचूक' घालून बघा, लगेच खटकेल. तंतोतंत म्हणायला जुळणाऱ्या दोन गोष्टी लागतात. काटेकोर हिशेब असतो, माणूस असतो, संख्या नसते. यथार्थ पुस्तकी वाटतो.

मुलांना शब्दाबरोबर कारणही दाखवा. कंपासपेटीतले दोन गुण्ये बाहेर काढायला सांगा. एक म्हणजे कर्णावर कापलेला अर्धा चौरस, दुसरा म्हणजे मधोमध कापलेला समभुज त्रिकोण. समभुज त्रिकोणाची बाजू २ धरा. शिरोबिंदूतून लंब टाकला की पाया १ आणि १ असा दुभागतो आणि पायथागोरसच्या प्रमेयाने लंब येतो √३. झालं. ३० अंशांसमोर १, ६० अंशांसमोर √३, कर्ण २. साइन ३० म्हणजे १/२, साइन ६० म्हणजे √३/२, टॅन ६० म्हणजे √३. अर्ध्या चौरसात बाजू १ आणि १, कर्ण √२, म्हणून साइन ४५ म्हणजे १/√२ आणि टॅन ४५ म्हणजे १. यात पट्टी कुठेही लावलेली नाही. मोजलंच नाही, तर मोजण्यातली चूक येणार कुठून? मुलं हा तक्ता परीक्षेपुरता घोकतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे दोन त्रिकोण काढता आले की तक्ता विसरला तरी अडत नाही.

उत्तर (अंबड एमआयडीसी, टूलरूम)
सरांचं पटलं. आमच्याकडे हा फरक रोज हाताखालून जातो. २०० मिलिमीटरच्या साइन बारवर, म्हणजे दोन टोकांना रोलर असलेल्या कोन लावायच्या पट्टीवर, ३० अंश लावायचे तर एका रोलरखाली १०० मिलिमीटरच्या स्लिप गेज, म्हणजे ठरावीक जाडीचे ठोकळे, विषय संपला. ४५ ला लागतात २०० भागिले √२, म्हणजे १४१.४२१३५ आणि पुढे न संपणारे आकडे. आम्ही १४१.४२१ रचतो आणि जॉब पास होतो. ते काम अचूक झालं असं मी म्हणेन, नेमकं म्हणणार नाही.

उत्तर (पंचवटी)
वा! हेच आर्यभटाच्या ज्यांमध्ये दिसतं. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. साइनसाठी आपला जुना शब्द तोच. ४९९ सालच्या आर्यभटीयात त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरून २२५ कलांच्या टप्प्याने लागोपाठच्या ज्यांमधले २४ फरक दिले आहेत: २२५, २२४, २२२, २१९... पहिले आठ फरक मिळवले की ३० अंश होतात आणि बेरीज येते १७१९, बरोबर ३४३८ च्या निम्मी. सोळा मिळवले की ६० अंश, बेरीज २९७८. खरा आकडा मात्र २९७७.४ च्या आसपास आहे. √३ पूर्णांकात मावत नाही. ही तफावत आर्यभटाला नवी नव्हती. परिघाचं माप देताना तो स्वतःच 'आसन्न' म्हणतो, म्हणजे जवळचं. भास्कराचार्य पायच्या किमतींपैकी २२/७ ला 'स्थूल' आणि ३९२७/१२५० ला 'सूक्ष्म' म्हणतात. ध्यानात घ्या, सूक्ष्म म्हणजेसुद्धा नेमकं नव्हे.

प्रश्न (गंगापूर रोड)
'नेमकी' पक्कं. पण एका मुलीने विचारलं, नाशिक जवळपास २० उत्तर अक्षांशावर आहे, मग साइन २० ची नेमकी किंमत काय? तक्त्यात नाही म्हणजे ती नसतेच का?

उत्तर (पंचवटी)
असते. त्या मुलीला शाबासकी द्या. प्रत्येक कोनाची किंमत नेमकीच असते, प्रश्न ती लिहिता येण्याचा आहे. १५ अंश म्हणजे ४५ वजा ३०, म्हणून साइन १५ म्हणजे (√६ − √२)/४. १८ अंशांचं सूत्र भास्कराचार्यांनी दिलंय, आजच्या लेखनात (√५ − १)/४. २० साठी ६० चे तीन भाग करावे लागतात आणि तिथे ८क्ष³ − ६क्ष + √३ = ० असं घन समीकरण येतं. साइन २० हे त्याचं एक मूळ आहे, साधारण ०.३४२, पण नुसत्या वर्गमुळांत ते लिहिता येत नाही. पट्टी-कंपासने २० अंशांचा कोन काढता येत नाही, हे वान्टझेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये सिद्ध केलं. पट्टी-कंपासने वर्गमुळांपुरतंच जाता येतं, अडचण तीच आहे.

म्हणून पत्रिकेत नुसतं 'नेमकी किंमत' नको. 'नेमकी किंमत करणीच्या रूपात लिहा' असं लिहा. करणी, म्हणजे √३ सारखं न सुटणारं मूळ, मुलांनी नववीत केलेली असते, आणि मग ०.८६६ चे गुण कापताना काय राहिलं ते तुम्हालाही सांगता येईल.