मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळच्या ग्राउंडवर व्यायामात काय काय घ्यावं?

नमस्कार मंडळी, आमच्या कॉलनीतले वीसेक जण रोज मैदानावर व्यायामाला येतो, मी घेते, वय पंचविशीपासून साठीपर्यंत. मार्चपर्यंत मस्त चाललं होतं पण आता मे लागला, पारा ४४-४५ ला जातोय, आणि तेच ते राउंड, तेच जंपिंग जॅक, लोकं कंटाळून गळायला लागलेत, काल फक्त नऊ जण आले आणि मला खूप वाईट वाटलं.

वेळ आधीच बदललीय, ५ ला सुरू, सव्वासहाला बंद, कारण साडेसहा-सातला उन्हाचा चटका लागतोच. गेल्या आठवड्यात सहज खो-खो घेतला तर काय सांगू, पन्नाशीच्या काकू पाटीवर उकिडव्या बसून "खो" मिळायची वाट बघत होत्या, उठल्या की सुसाट, स्क्वॉट आणि स्प्रिंट दोन्ही आपोआप झाले आणि कोणी घड्याळ पाहिलं नाही!! तेव्हापासून वाटतंय की खेळातूनच घ्यावं. लंगडी, लगोरी डोक्यात आहे, आट्यापाट्याचे नियम मात्र कोणाला नीट आठवत नाहीत.

पाणी, टोपी, दर दहा मिनिटांनी झाडाखाली ब्रेक हे सगळं करतो, लिटरभर पाण्यात सहा छोटे (चहाचे) चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ घालून कॅनमध्ये नेते, कोणाला गरगरलं की त्याचा व्यायाम तिथेच बंद.

तर ताई-दादांनो, गुडघे दुखणाऱ्यांना लंगडीऐवजी काय देऊ? आणि आट्यापाट्या कोणी खेळलं असेल तर पाट्या कशा आखायच्या ते प्लीज सविस्तर लिहा, सोमवारपासून सुरू करायचंय.