मदत हवी आहे: बाबांना फुप्फुसांच्या तपासणीसाठी बंद केबिनमध्ये बसायला सांगितलंय

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात, नारायण पेठेत राहतो. बाबा 68 वर्षांचे, विडी-सिगारेट कधीच नाही. गेल्या दिवाळीपर्यंत रोज सकाळी पर्वती चढायचे. आता 103 पायऱ्यांत तीनदा थांबतात. कोरडा खोकला आहेच.

मागच्या आठवड्यात स्पायरोमेट्री झाली. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि समोरची मुलगी "फुंका, अजून, अजून, सोडू नका" म्हणतेय. बाबांच्या मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. असं चार वेळा. मला बघवेना.

रिपोर्टमध्ये एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोरात बाहेर टाकलेली एकूण हवा, 1.9 लिटर आहे, अपेक्षेच्या 61 टक्के. त्यातली 1.6 लिटर पहिल्याच सेकंदात बाहेर पडली, म्हणजे 84 टक्के. डॉक्टर म्हणाले, श्वासनलिका अरुंद झालेल्या दिसत नाहीत, पण फुप्फुसांत हवा कमी मावत असावी. खात्रीसाठी बॉडी प्लेथिस्मोग्राफी (बंद केबिनमध्ये बसवून फुप्फुसांतली एकूण हवा मोजतात ती) आणि डीएलसीओ (फुप्फुसांतून रक्तात वायू किती उतरतो ते बघतात ती) करा. घराजवळ कबुतरं आहेत का, हेही विचारलं. आहेत, गच्चीवर शेजारी रोज दाणे टाकतात. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

एवढं फुंकून झाल्यावर पुन्हा वेगळी तपासणी का? आणि बाबा लिफ्टमध्येसुद्धा बसत नाहीत, काचेच्या पेटीत कसे बसणार? दुसरा मार्ग आहे का?

प्रतिसाद:
ताई, मी बारा वर्षं याच तपासण्या करतोय. कितीही जोर लावला तरी फुप्फुसांत साधारण लिटरभर हवा उरतेच. ती बाहेर येत नाही, म्हणून फुंकून मोजता येत नाही. आणि ती धरल्याशिवाय एकूण क्षमता कळत नाही. एफव्हीसी तर फुंकण्यात कसर राहिली किंवा हवा आत अडकून राहिली तरी कमी येते. म्हणून नुसत्या स्पायरोमेट्रीवर फुप्फुसं आकसलीत असा शिक्का मारत नाहीत.

केबिनला चारी बाजूंनी काच असते, आतलं बोलणं आम्हाला ऐकू येतं, सांगाल तेव्हा दार उघडतो. नळीतली झडप दोन-तीन सेकंद बंद होते, तेवढ्यात गालांवर हात दाबून हलकेच धापा टाकायच्या. छाती फुगली की आतला दाब उतरतो आणि केबिनमधला किंचित चढतो. त्यावरून बॉईलच्या नियमाने, म्हणजे वायूचं आकारमान वाढलं की दाब त्याच प्रमाणात उतरतो या हिशेबाने, आतल्या हवेचं आकारमान निघतं. तेवढ्या दोन-तीन सेकंदांतच माणूस दचकतो, म्हणून घरी आधी सांगून ठेवा.

अगदीच नाही जमलं तर हेलियमची पद्धत विचारा. त्यात खुर्चीत बसून हेलियम मिसळलेली हवा काही मिनिटं घ्यायची असते, तो किती विरळ झाला त्यावरून हिशेब होतो. श्वासनलिका अरुंद असतील तर ती आकडा कमी दाखवते, पण तुमच्या बाबांचं 84 टक्क्यांचं गुणोत्तर बघता चालावी. डीएलसीओ मात्र टाळू नका, रक्तात वायू किती उतरतो ते त्यातच दिसतं. आणि दाणे टाकणं आजच बंद करायला सांगा, कबुतरांच्या विष्ठेची-पिसांची धूळ फुप्फुसांना बाधू शकते.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार. गच्चीचं आत्ताच बोलून आले. केबिनचा फोटो मिळाला तर बाबांना आधी दाखवीन.