दोन महिन्यांच्या गाडीला खालून गंज?

धरमपेठकर:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये नवीन गाडी घेतली, काल वर्धा रोडवर पंक्चर काढायला थांबलो तर त्या पोराने जॅक लावला अन् म्हणे साहेब, खालून जंग लागून राहिला नं. वाकून पाहिलं तर मागच्या अ‍ॅक्सलवर, सायलेन्सरच्या जोडावर, सस्पेन्शनच्या आर्मला जिथं वेल्डिंग आहे तिथं लाल चट्टे. शोरूमवाले म्हणतात नॉर्मल आहे, अन् लगेच सात हजाराचं कोटिंग करून घ्या. नॉर्मल आहे तर कोटिंग काहून? आपल्या नागपूरला समुद्र तरी आहे का? बाबांनी पीएफमधले पैसे घातलेत, रात्री झोप नाही आली.

वाडीचा_मेकॅनिक:
भाऊ, बॉडीचा पत्रा फॅक्टरीत टाकीत बुडवून प्रायमर होतो, तो इतक्यात गंजत नाही. अ‍ॅक्सल, हब, सायलेन्सर हे वेगळे पार्ट, त्यांचा पेंट पातळ, वेल्डिंगवर तर धरतच नाही नीट. ब्रेकची डिस्क पहा, एका रात्रीच्या पावसात लाल होते अन् चार ब्रेक मारले की साफ. गंजाला ओल पुरते, समुद्र नाही लागत. स्क्रूड्रायव्हरने खरवडा, नुसती पावडर निघून खाली चकचकीत लोखंड दिसलं तर वरवरचा आहे. पापुद्रे निघाले किंवा फ्लोअरच्या पत्र्याच्या शिवणीवर पेंट फुगला असेल तर मात्र सोडू नका.

अंबाझरी_लेआउट:
आरसीवर गाडी बनल्याचा महिना असतो, तो आधी पहा. यार्डात उघड्यावर पावसाळा काढलेली गाडी अशीच दिसते. अजून एक, सीट पुढं सरकवून रेल अन् बेल्टचे बोल्ट पहा, स्टेपनी काढून तो खड्डा पण पहा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमची गाडी सीटपर्यंत पाण्यात होती, खालचं धुऊन निघालं पण रेलचा गंज अन् कार्पेटखालचा चिखल महिनोन्महिने निघत होता. आत कोरडं असेल तर गाडी पाण्यात बुडाली होती ही भीती सोडा.

वाडीचा_मेकॅनिक:
बरोबर. अन् कोटिंग आत्ता पावसाळ्यात नका करू. ओल्या गंजावर रबर कोटिंग मारलं तर ओल आतच राहते, वरून काळं छान दिसते अन् खाली खात जाते. दरवाज्याखाली पाणी निघायची भोकं असतात, तीही बुजवतात हे लोक. दिवाळीनंतर धुऊन, वाळवून, ब्रशने घासून मग करा.

धरमपेठकर:
सकाळीच पाहिलं. पावडरच निघते, रेल अन् स्टेपनीचा खड्डा कोरडा. पण आरसीवर मागच्या वर्षीचा ऑगस्ट आहे, अन् मला तोंडी जानेवारीची गाडी सांगितली होती!! आईला काय सांगू आता.

अंबाझरी_लेआउट:
मग मुद्दा गंजाचा नाही राहिला. फोनवर बोलू नका, मेल टाका, फोटो, आरसी, बिल जोडा, जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या कागदावर, गंजाची नोंद करून सही घ्या. टाळलं तर १९१५ ग्राहक हेल्पलाइन.

धरमपेठकर:
मेल पाठवला. सोमवारी लिफ्टवर गाडी चढवून दाखवायला बोलावलंय, बाबा पण येतात सोबत.