श्टुटगार्टजवळ भाड्याने घर हवंय, नाशिकहून आधीच डिपॉझिट भरावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या नवऱ्याला जर्मनीत बोब्लिंगेनला नोकरी मिळाली आहे. श्टुटगार्टच्या नैर्ऋत्येचं गाव. ब्लू कार्डाची (उच्चशिक्षितांना तिथे नोकरीसाठी मिळणारा राहण्याचा परवाना) कागदपत्रं चालू आहेत, रुजू व्हायला तीन महिने आहेत. आम्ही इंदिरानगरला राहतो. तो अंबडला एका कारखान्यात डिझाइन विभागात आहे, मी शरणपूर रोडला एका सीएंकडे काम करते. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. सासूबाई आमच्याजवळ असतात. आम्ही गेलो की त्या पंचवटीत नणंदेकडे राहतील.

हा फ्लॅट घेताना सासऱ्यांनी आम्हाला मुद्दाम जुलैत फिरवलं होतं. म्हणायचे, घर भर पावसात बघावं. कुठल्या भिंतीला ओल येते ते उन्हाळ्यात कुणी सांगत नाही. सासूबाई प्रत्येक ठिकाणी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. चौदा फ्लॅट पाहिले तेव्हा हा एक मनात भरला. आणि आता सहा हजारांहून जास्त किलोमीटरवरचं घर मोबाइलवर फोटो बघून ठरवायचंय. गेले पंधरा दिवस मला नीट झोप नाही.

झालं असं. जाहिरातींच्या एका साइटवर श्टुटगार्टच्या पश्चिम भागातला एक फ्लॅट दिसला. तीन खोल्या, फर्निचरसकट, सगळं धरून महिना ९०० युरो. आजूबाजूच्या जाहिरातींपेक्षा बराच स्वस्त. मालकाला मेल केला तर तासाभरात उत्तर. खूप प्रेमाने लिहिलं होतं, तुमच्यासारखं कुटुंबच हवं आहे, मुलीसाठी जवळच बाग आहे. तो कामानिमित्त दुसऱ्या देशात असतो, म्हणून घर दाखवता येणार नाही. तीन महिन्यांचं डिपॉझिट, म्हणजे २,७०० युरो, एका खात्यावर भरायचे, मग किल्ली कुरिअरने नाशिकला येईल. पसंत पडलं नाही तर पैसे परत. सोबत त्याच्या पासपोर्टचा फोटोही पाठवला.

रुपयांत ही रक्कम अडीच लाखांच्या वर जाते. नवरा म्हणतो, घर हातचं जाईल, भरून टाकू. रोज दुसऱ्यांचे हिशेब तपासते म्हणूनही असेल, पण माझा हात पुढे होत नाहीये. बँकेचा फॉर्म भरून ठेवलाय, सही बाकी आहे.

तिथे राहणाऱ्यांना विचारायचंय. असं डिपॉझिट आधी भरायची तिथे पद्धत आहे का? राहायला श्टुटगार्ट बरं की नोकरीच्या गावाजवळ? नवऱ्याला शहर हवंय, आपली माणसं भेटतील म्हणून. मला वाटतं मुलीची शाळा आधी बघावी. आणि तिघांनी एकदम जावं की त्याने पुढे जाऊन घर बघावं? ज्यांनी हे केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, वाट बघते.

प्रतिसाद

ताई, सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू, आधी तो फॉर्म बाजूला ठेवा. मालक परदेशात, किल्ली कुरिअरने आणि पैसे आधी, ही फसवणुकीची ठरलेली रीत आहे. तो पासपोर्टही बहुधा आधी फसलेल्या एखाद्या माणसाचाच असेल. तुम्ही त्याला तुमच्या पासपोर्टची प्रत पाठवली नसेल अशी आशा करतो.

प्रतिसाद

मी मूळचा नाशिकरोडचा, श्टुटगार्टला सहा वर्षं झाली. वरचा प्रतिसाद अगदी बरोबर आहे. त्यामागचा कायदा सांगतो, म्हणजे तुमच्या मिस्टरांनाही पटेल.

इथे डिपॉझिटला कौत्सिओन म्हणतात. ते नुसत्या भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. मालकाने ते पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळे बँकेत ठेवायचे असतात. म्हणजे घर पाहण्याआधी, करारावर सही व्हायच्या आधी पूर्ण डिपॉझिट मागणारा माणूस इथल्या रीतीने चालतच नाहीये. एजंटचंही तसंच. २०१५ पासून भाड्याच्या घरात एजंटला ज्याने बोलावलं त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. तेव्हा मालकाच्या एजंटने तुमच्याकडे दलाली मागितली तर देऊ नका.

आता जाहिरात वाचायची कशी ते. आकडे दोन असतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं घराचं भाडं. वार्ममीटेमध्ये हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई असा वरखर्च धरलेला असतो. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याहून वेगळं. वरखर्चाचा हिशेब वर्षाअखेरी होतो, थंडीत हीटर जास्त चालवला तर फरक भरावा लागतो. तुम्ही हिशेबातल्या आहात, तुम्हाला हे माझ्याहून लवकर कळेल. आणि खोल्या मोजताना हॉलही खोलीत धरतात, स्वयंपाकघर धरत नाहीत. 'तीन त्सिमर' म्हणजे आपला टू बीएचके.

खरी अडचण पुढे आहे. इथे मालक भाडेकरूला 'शुफा' मागतो, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याचा दाखला. नव्या माणसाकडे तो असणारच नाही. त्याच्या बदल्यात नोकरीचा करार, पगाराचा आकडा, ब्लू कार्ड किंवा व्हिसा, कंपनीचं एखादं पत्र आणि कुटुंबाबद्दल चार ओळी अशी एकच फाइल करून ठेवा. निव्वळ पगाराच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत भाडं बसलं की मालक निर्धास्त असतो. पण एवढं करूनही लोक माणूस भेटल्याशिवाय घर देत नाहीत. त्यांना समोर बसून बोलायचं असतं. नाशिकहून कायमचं घर मिळवायची धडपड म्हणूनच वाया जाते.

म्हणून माझं मत: मिस्टरांनी आधी यावं, दोन-तीन महिन्यांसाठी फर्निचर असलेलं तात्पुरतं घर घ्यावं. त्याला इथे 'वोनेन आउफ त्साइट' म्हणतात. ते महाग पडतं, पण तेवढ्यात पाय रोवता येतात. कंपनीला स्पष्ट विचारा की पहिल्या दोन महिन्यांची सोय करता का. बऱ्याच कंपन्या करतात. आपली माणसं संकोचाने विचारतच नाहीत. तात्पुरतं घर घेताना एकच अट सोडायची नाही: तिथे आनमेल्डुंग करता आलं पाहिजे. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. त्या नोंदणीनंतर कराचा क्रमांक पोस्टाने येतो, तो नसेल तर पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो.

पोस्टावरून आठवलं. इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं नाव वाचतो. पहिल्याच दिवशी बेलवर आणि पेटीवर आडनाव लावा. माझं बँकेचं कार्ड यामुळेच दोनदा परत गेलं.

प्रतिसाद

मी हेरेनबेर्गला राहते, बोब्लिंगेनच्या पुढे. शहर की गाव, यावर लिहिते.

श्टुटगार्ट वाटीत बसलेलं शहर आहे, चारी बाजूंनी चढ. त्या उतारांवरची घरं सुंदर, पण भाडी सोसत नाहीत आणि एका घरासाठी रांगा लागतात. तुमच्या मिस्टरांची नोकरी बोब्लिंगेनला आहे तर एस-१ या लोकलची लाइन धरा. ती हेरेनबेर्गहून निघते, बोब्लिंगेन करत श्टुटगार्टला जाते आणि पुढे एसलिंगेनकडे. बोब्लिंगेनहून श्टुटगार्टचं मुख्य स्टेशन साधारण अर्ध्या तासावर. दिवाळी, गणपतीला शहरात जाऊन रात्री परत येता येतं, त्यासाठी तिथेच राहायला नको. दुसरी एस-६० ही लोकल बोब्लिंगेनहून झिंडेलफिंगेन आणि रेनिंगेनकडे जाते, त्या बाजूलाही शोधा. नकाशावर कंपनी शोधून स्टेशनपासून पायी किती मिनिटं ते बघा. कारशिवाय पहिला हिवाळा काढायचाय हे लक्षात ठेवून.

शाळेचं मात्र तुम्ही समजताय तसं नाही. प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते हे खरं. पण जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी या राज्यात 'फोरबेराइटुंग्सक्लासं' नावाचे तयारीचे वर्ग असतात आणि ते प्रत्येक शाळेत नसतात. माझा मुलगा घरासमोरची शाळा सोडून दुसऱ्या शाळेत जायचा, कारण वर्ग तिथे होता. तेव्हा घर पसंत पडलं की सही करण्याआधी त्या गावात फोन करून विचारा, असा वर्ग जवळ कुठे आहे आणि जागा आहे का. शाळा लवकर सुटते, दुपारच्या सांभाळायच्या सोयीचीही तेव्हाच चौकशी करा. तुम्हाला नोकरी करायची असेल तर यावर सगळं अवलंबून आहे. (ब्लू कार्डवाल्याच्या नवरा-बायकोला आल्याबरोबर काम करायची परवानगी असते, हे कदाचित तुम्हाला माहीत असेल.)

आणि तुमच्या सासूबाईंचं स्वयंपाकघर. ताई, इथे पुष्कळ घरांत स्वयंपाकघर नसतंच. म्हणजे खोली असते, नळाची आणि शेगडीची जोडणी असते, पण ओटा, कपाटं, सिंक काही नाही. आधीचा भाडेकरू स्वतःचं काढून घेऊन जातो. छतातून दिव्याच्या नुसत्या वायरी लोंबतात. मी पहिल्या दिवशी रडले होते. जाहिरातीत 'आइनबाउक्युशं', म्हणजे ओटा-कपाटांसह स्वयंपाकघर, लिहिलंय का ते शोधा, किंवा आधीच्या भाडेकरूकडून त्याचा ओटा विकत घ्या, त्याचा भाव करता येतो.

खिडकीशी उभ्या राहणाऱ्या तुमच्या सासूबाई इथेही बरोबरच ठरतात. आपण कुकर, फोडणी, चहा करतो, वाफ खूप होते. थंडीत खिडक्या बंद, भिंती गार, की कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि मालक ते भाडेकरूच्या माथी मारतो. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर बर्फ असला तरी. घर बघताना न्हाणीघराला खिडकी आहे का, कपाटामागच्या भिंतीला डाग आहेत का, हात लावून बघा. किल्ली घेताना मीटरचे आकडे, ओरखडे, डाग सगळं लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याला युबरगाबेप्रोटोकोल म्हणतात. घर सोडताना डिपॉझिट त्याच कागदावर सुटतं.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. रात्री नवऱ्याला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. हप्त्यांचा नियम ऐकल्यावर तो गप्प झाला. आज सकाळी त्या माणसाला मेल केला की आमचा श्टुटगार्टमधला ओळखीचा माणूस आधी घर बघून जाईल. उत्तर आलेलं नाही, आणि ती जाहिरातही आता दिसत नाहीये. पासपोर्टची प्रत पाठवली नव्हती, देवाची कृपा. बँकेचा फॉर्म फाडून टाकला.

आता तो एकटाच पुढे जाईल असं ठरलंय. कंपनीला कालच लिहिलं. सहा आठवड्यांची राहायची सोय ते देणार आहेत, पत्ता नोंदवायचा कागदही मिळेल असं लेखी कळवलंय. आम्ही विचारलंच नसतं तर त्यांनी आपणहून सांगितलं नसतं. मुलीचं हे वर्ष इथेच पूर्ण करू.

सासूबाईंना ओटा नसलेल्या घराचं सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. मग म्हणाल्या, त्याला सांग, घर बघायला जाईल तेव्हा मला व्हिडिओ कॉल लाव, खिडकी मी बघेन.

एकच शंका उरलीय. एका खऱ्या वाटणाऱ्या जाहिरातीत लिहिलंय की दोन वर्षं घर सोडता येणार नाही. घर बोब्लिंगेनलाच, स्टेशनजवळ, ओट्यासह आहे. पण नवऱ्याचा प्रोबेशन सहा महिन्यांचा. ही अट मान्य करावी का?

प्रतिसाद

नाशिकरोडवाला परत. एरवी भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडता येतं. पण दोघांनी मिळून काही काळ तो हक्क सोडायचा असं करारात लिहिता येतं, जास्तीत जास्त चार वर्षं. तेव्हा अट बेकायदा नाही, पण प्रोबेशनमध्ये असताना धोक्याची आहे. घर बघायला गेल्यावर मिस्टरांनी मालकाला मोकळेपणाने सांगावं की नोकरी नवी आहे, ही अट एक वर्षावर आणाल का, किंवा नोकरी गेली तर दुसरा भाडेकरू देऊन मोकळं होता येईल असं लिहाल का. जे कबूल होईल ते करारात लेखी हवं, तोंडी नको. इथल्या भाडेकरूंच्या संघटना, मीटरफेराइन, वर्षाची वर्गणी भरून सभासद झालं की भाड्याच्या भानगडींत कायदेशीर सल्ला देतात. सहीआधी करार त्यांच्याकडून वाचून घेता येईल का ते विचारा. मिस्टर येतील त्या आठवड्यात इथे लिहा. शनिवार असेल तर घर बघायला मी सोबत जाईन.