सैनिक कुटुंबांच्या गटात वहिनींना कसं जोडावं?

वीरपत्नी वहिनी छावणी सोडून सावंतवाडीला सासरी आल्यात, चर्चमधल्या सैनिक कुटुंबांत त्यांना कसं जोडावं, असं वर विचारलंय.

आधी फादरना भेटा. रविवारी मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) सुटल्यावरच्या गर्दीत नको, मधल्या एखाद्या वारी. कुटुंबाची पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या कुटुंबांत, नोंद करून घ्या. पहिल्या दोन-तीन बैठकींना सोबत एकच माणूस असावं आणि जागा दाराजवळची. रडू आलं तर कुणाला न ओलांडता उठता आलं पाहिजे.

बिनसतं ते बोलण्यात. 'कसं झालं?' विचारू नका. मुलाला 'आता तूच घरचा कर्ता' हे तर मुळीच नको, पोर रडायचंच थांबतं. गेलेल्या दादांचं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं, नाव मात्र बिनधास्त घ्या. लोक ते टाळतात आणि तेच जास्त लागतं.

माणूस गेल्याला महिना झाल्यावरच्या मिस्सेला सगळे येतात. खरी सोबत लागते नंतर: २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत मेणबत्ती लावताना, नाताळात.

पेन्शनची मूळ पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) गटात कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर दरवर्षी हयातीची नोंद चुकली तर पेन्शन अडकते. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.