सड्यांवर काम करणाऱ्या संशोधकांसाठी ईमेल यादी: कुठे काढावी, कशी चालवावी?

सडाकाठ:
नमस्कार मंडळी. रत्नागिरीपासून मालवणपर्यंत जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, निरनिराळ्या विषयांचे अभ्यासक फिरत असतात. कोणी गेंद आणि सीतेची आसवं या रानफुलांच्या नोंदी घेतं, कोणी बेडकांच्या, कोणी कातळशिल्पांच्या, कोणी सड्याखालच्या विहिरींच्या पाण्याच्या. सडा एकच, पण एकाचं काम दुसऱ्याला कळतं ते थेट निबंध छापून आल्यावर. व्हॉट्सॲपवर शुभेच्छांखाली प्रश्न गाडले जातात, गेल्या पावसाळ्यातलं उत्तर सापडत नाही. म्हणून ईमेल यादी काढायची आहे. सुरुवातीला दापोली, रत्नागिरी, वेंगुर्ले, गोवा, पुणे इथले मिळून चाळीसेक जण. पैसे नाहीत, सर्व्हर सांभाळणारं माणूस नाही. गूगल ग्रुप्स ही गूगलची मोफत यादी-सेवा पुरेल का? उत्तर सगळ्यांना जावं की फक्त विचारणाऱ्याला? फोटोंचं काय करावं?

चिरेखाण:
गूगल ग्रुप्स पुरेल. मेलमन हे मोफत सॉफ्टवेअर खास याद्यांसाठीच आहे आणि त्यात सगळं आपल्या हातात राहतं, पण त्याला सर्व्हर लागतो, अपडेट लागतात, स्पॅमवर राखण लागते. माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

यादी संस्थेच्या खात्यावर काढणार असाल तर बाहेरचे सदस्य घेता येतात का, हे आधी प्रशासकाला विचारा. ते सेटिंग बंद असू शकतं. शिवाय मालक निवृत्त झाला आणि खातं बंद झालं की यादी पोरकी होते. दोन मालक हवेतच, वेगवेगळ्या संस्थांतले, आणि त्यातला एक तरी निवृत्तीपासून लांब असलेला.

सेटिंग अशी ठेवा: प्रवेश विनंतीवरून, मेल फक्त सदस्यांचे, जुनी संभाषणं फक्त सदस्यांना दिसणारी, नव्या सदस्याचा पहिला मेल तपासून सोडायचा. ‘संभाषणांचा इतिहास’ चालू आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघा. तो बंद राहिला तर संग्रह तयारच होत नाही, आणि यादी काढायचं मुख्य कारणच जातं.

४० जणांत उत्तर सगळ्यांना जाऊ द्या, नाहीतर चर्चा दोघांतच राहते. धोका एवढाच की खाजगी शेरा चुकून सर्वांपुढे जातो, म्हणून हा नियम स्वागताच्या मेलमध्येच स्पष्ट लिहा. सदस्य काहीशे झाले की उलट करा: उत्तरं विचारणाऱ्याकडे जावीत आणि त्यानेच शेवटी गोषवारा यादीवर टाकावा.

एक गोष्ट लोकांना कोड्यात टाकते. काही मेलवर पाठवणाऱ्याच्या नावापुढे ‘यादीमार्फत’ असं दिसतं आणि पत्ता यादीचाच असतो. याचं मूळ २०१४ च्या एप्रिलमध्ये आहे. याहूने तेव्हा डीमार्क, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे ना हे तपासायचा नियम, कडक केला: पत्ता याहूचा पण याहूची डिजिटल सही जुळत नाही, असा मेल नाकारा. यादी विषयाला उपसर्ग आणि खाली तळटीप जोडते, त्यात ती सही मोडते. मेल परत येऊ लागले, आणि परतीचे मेल मोजून सॉफ्टवेअरने ज्यांचा काही दोष नाही अशा सदस्यांनाच यादीतून काढलं. म्हणून आता अशा मेलवर यादी स्वतःचा पत्ता घालते. त्यामुळे प्रत्येकाने मेलखाली नावाबरोबर आपला ईमेल पत्ता लिहायचा, नाहीतर खाजगी उत्तर पाठवणार कुठे?

खाजणवाट:
फोटोंबद्दल. मेलमनची मूळ मर्यादा ४० केबी असते, गूगलची २५ एमबी. २५ मिळतात म्हणून वापरू नका, सड्यावरच्या गावात रेंजची एक काडी असते. एका मेलला दोन फोटो, लांब बाजू १२०० पिक्सेल. बाकीच्यांची लिंक द्या, पण लिंक कधीतरी मरते. म्हणून तालुका, तारीख, पाणथळ की कोरडा कातळ, फुलाचा रंग आणि माप हे मेलच्या मजकुरातच हवं. पाच वर्षांनी शोध लागतो तो मजकुरामुळे.

मोबाईलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. पाठवण्याआधी ते काढून टाका. दुर्मीळ वनस्पती किंवा अप्रकाशित कातळशिल्प असेल तर तालुक्याच्या पुढे जाऊ नका. उक्षी, कशेळी, बारसू, कुडोपी ही कातळशिल्पांची ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, ती जगजाहीर आहेत. प्रश्न उरलेल्यांचा आहे. संग्रह चुकून सार्वजनिक राहिला तर एका मेलने ती जागा उघडी पडते.

आणि कृतिदेव, श्रीलिपीतला मजकूर चिकटवू नका. त्या फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. मेलबरोबर फॉन्ट जात नाही, त्यामुळे समोरच्याला रोमन चिखल दिसतो. युनिकोडमध्ये बदलून मगच पाठवा. वनस्पतीचं मराठी नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही लिहा, कारण एकाचा शोध घेतला तर दुसरं सापडत नाही.

सडाकाठ:
फार उपयोगाचं. दिवसाचे मेल एकत्र देणारा डायजेस्ट ठेवावा का? आणि दोन महिन्यांत यादी थंड पडू नये म्हणून काय करावं?

चिरेखाण:
डायजेस्ट ज्याला हवा त्याने घ्यावा. फक्त त्यातून उत्तर देताना डायजेस्टचा विषय बदलून मूळ मेलचा घालायचा आणि खालचा उतारा कापायचा, नाहीतर धागा तुटतो.

यादी मार्चमध्ये उघडू नका. जूनच्या मध्यावर उघडा, लोक सड्यावर असतात आणि प्रश्न ताजे असतात. त्याआधी पाच-सहा जणांकडून कबूल करून घ्या की पहिले दोन महिने प्रत्येकजण आठवड्याला एक नेमका प्रश्न विचारेल. ‘मतं कळवावीत’ याला उत्तर येत नाही. ‘या गेंदाच्या बीवर असे काटे कोणी पाहिलेत का’ याला येतं. तीन दिवस कोणी बोललं नाही तर मालकाने जाणकाराला वेगळा मेल करावा. बरेच सदस्य नुसते वाचतील, तेही ठीकच आहे.

डॉल्फिन-देवमाशांसाठी मारमॅम आणि प्रवाळांसाठी नोआ या अमेरिकी सागर-हवामान संस्थेची कोरल-लिस्ट या जुन्या याद्या आहेत. मालवणच्या समुद्रातले ते विषय तिकडेच विचारा आणि मिळालेलं उत्तर इकडे आणा.

दिवाळीत आणि पाडव्याला मालकाने गूगल टेकआउट या गूगलच्या डेटा उतरवायच्या सोयीतून संग्रह उतरवून घ्यावा आणि दुसऱ्या मालकाकडेही एक प्रत द्यावी.