विल्सन आजार : पंधरा-वीस वर्षांनी रुग्णाची स्थिती काय असते?

निफाडचा बागाईतदार
माझ्या 16 वर्षांच्या मुलीला कावीळ आणि पायांवर सूज आल्यावर नाशिकला तपासण्या झाल्या. सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातले तांबे वाहून नेणारे प्रथिन) कमी आणि चोवीस तासांच्या लघवीत तांबे जास्त आले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेचे तपकिरी-हिरवट कडेही दाखवले. विल्सन आजार, म्हणजे शरीरात तांबे साठत जाणारा आजार, असे निदान झाले. पेनिसिलामाइन (जादा तांबे लघवीवाटे काढणारे औषध) आणि बी-6 जीवनसत्त्व सुरू झाल्यापासून सूज उतरली आहे. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, असे डॉक्टर म्हणतात. आमच्या द्राक्षबागेत मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याची फवारणी असते आणि घरात पिण्याचे पाणी तांब्याच्या हंड्यात भरतो. त्यामुळे तर हे झाले नसेल ना? पुढे तिचे शिक्षण आणि लग्न होऊन संसार नीट होईल का? धाकटा मुलगा 11 वर्षांचा असून धडधाकट आहे.

सिडकोची रहिवासी
मला निदान होऊन 22 वर्षे झाली. माझ्या बाबतीत सुरुवात यकृताऐवजी हातापासून झाली. अकरावीत अक्षर इतके बारीक आणि वाकडे होऊ लागले की वहीतले माझे मलाच वाचता येईना. औषध सुरू झाल्यावर पहिले काही महिने थरथर उलट वाढली, मग दोन वर्षांत हळूहळू ओसरली. भरभर बोलताना जीभ अजूनही किंचित अडखळते. नोकरी करते, दोन मुले आहेत. गरोदरपणातही डॉक्टरांनी मात्रा कमी केली, पण औषध बंद केले नाही. चूक केली ती मीच. तिसऱ्या वर्षी अगदी ठणठणीत वाटू लागले म्हणून गोळ्या सोडल्या. काही महिने काहीच झाले नाही (आणि हेच फसवे असते), मग एके सकाळी डोळे पिवळे दिसले. जेवणाच्या तासभर आधीची गोळी तेव्हापासून चुकवलेली नाही.

यकृतविकार विभागातील डॉक्टर
दोष बागेचा नाही आणि हंड्याचाही नाही. तेराव्या गुणसूत्रावरील एटीपी7बी या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यामुळे यकृताला जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. हंडा मात्र बाजूला ठेवा आणि फवारणीच्या कामापासून मुलीला दूर ठेवा. किनियर विल्सन यांनी 1912 मध्ये वर्णन केले तेव्हा हा आजार जीवघेणाच होता. 1956 मध्ये वॉल्श यांनी पेनिसिलामाइन वापरात आणल्यापासून चित्र पालटले. वेळेवर निदान होऊन औषध न चुकवणाऱ्यांचे आयुष्य बहुधा इतरांइतकेच असते. सिरोसिस (यकृतात व्रण होऊन ते घट्ट होणे) झालेला असला तरी अनेकांचे यकृत वर्षानुवर्षे काम सांभाळते, पण सोनोग्राफी, रक्तपेशी आणि लघवीतील प्रथिने नियमित तपासावी लागतात. स्थिरावल्यावर, गोळ्या चालू असताना, लघवीत दिवसाला साधारण 200 ते 500 मायक्रोग्रॅम तांबे अपेक्षित असते. आकडा फार खाली आला तर पालक खूश होतात. आम्ही मात्र गोळ्या चुकताहेत की औषध जास्त होते आहे, हे आधी विचारतो. यकृत अचानक निकामी झाले तर प्रत्यारोपण हाच मार्ग राहतो. धाकट्याची तपासणी ताबडतोब करा. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, आणि लक्षणे दिसण्याआधी उपचार मिळाले तर यकृत शाबूत राहते.

निफाडचा बागाईतदार
आभारी आहे. हंडा काल माळ्यावर गेला. आई जरा नाराज आहे. धाकट्याचे रक्त सोमवारी देतो आहोत.